आकाशगंगेचा दाखला

विज्ञानावरच्या जाहीर व्याख्यानाचा शेवट आमच्याकडे जवळपास ठरून गेला आहे. वक्ता तास-दीड तास तारे, कृष्णविवरे, महास्फोट असे सगळे छान समजावून सांगतो आणि आभारप्रदर्शनाआधीच्या पाच मिनिटांत आवाज खाली आणतो. एवढ्या अफाट पसाऱ्यात आपली पृथ्वी म्हणजे धुळीचा कण. मग त्या कणावर भाषेवरून, हद्दीवरून भांडायचे ते काय? टाळ्या पडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी इकडे तर जरा जास्तच पडतात. समोर बसलेल्यांत एक नोव्हेंबरला राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा लावणारेही असतात आणि त्याच दिवशी काळी फीत बांधून फेरीत चालणारेही. दोघांनाही न दुखावता गप्प करील असे काहीतरी वक्त्याला हवे असते आणि त्याला आकाशगंगा सापडते. ती बिचारी कुणाच्याच बाजूची नाही.

माझा सगळा जन्म पदार्थविज्ञान शिकवण्यात गेला, आणि हा शेवट मला पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेच लंगडा वाटतो. सीमाप्रश्नात कोणाचे म्हणणे रास्त, हा निराळा वाद. मी बेळगावचा मराठी माणूस. माझे मत काय असेल ते कुणीही ओळखेल. इथे मुद्दा तो नाही. विश्व मोठे आहे म्हणून माणसाचा प्रश्न लहान ठरतो, हे अनुमान विज्ञानातून निघत नाही. ते विज्ञानाच्या नावावर खपवले जाते, आणि त्यात प्रश्नाचेही नुकसान होते आणि विज्ञानाचेही.

आधी आकडे बघू. विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे. जेवढे दिसू शकते तेवढ्या विश्वाचा व्यास सुमारे 9300 कोटी प्रकाशवर्षे. आपल्या एका आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे. याबद्दल तक्रार नाही. पण या आकड्यांखाली रेघ मारून ‘म्हणून माणूस क्षुल्लक’ असे लिहायचे तर मधली एक पायरी गुपचूप घालावी लागते: जे लांबीने मोठे ते महत्त्वाचे. ही पायरी कोणत्या प्रयोगात सिद्ध झाली? आणि लांबीच का घ्यायची? किलोमागे किती वॅट, हे माप घेऊन बघा. सूर्य दर सेकंदाला जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तिला त्याच्या वस्तुमानाने भागले, तर एका किलोच्या वाट्याला वॅटचा जेमतेम पाच हजारावा भाग येतो. नुसता बसून असलेला माणूस ऐंशी-शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे किलोमागे वॅटभरापेक्षा जास्त. किलोला किलो लावले तर टिळकवाडीत कट्ट्यावर बसून पेपर वाचणारे आजोबा सूर्याच्या सहा हजार पटींच्या आसपास भरतात. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते आधी हसतात, मग वहीत भागाकार करून बघतात आणि मग हसत नाहीत. यातून आजोबा सूर्यापेक्षा श्रेष्ठ ठरत नाहीत, हे सांगायला नको. मोठे-लहान हे माप निवडणाऱ्याच्या हातात असते, एवढेच ठरते. ज्याने लांबीचे माप निवडले त्याने उत्तर खिशात घालूनच आणलेले असते.

याहून खोलातली एक गोष्ट पदार्थविज्ञानाला चांगली ठाऊक आहे आणि नेमकी तीच व्याख्यानांत येत नाही. निसर्गाचे व्यवहार पातळ्यापातळ्यांनी चालतात. विश्व प्रसरण पावते आहे. दर दहा लाख पार्सेकमागे (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे) सेकंदाला सुमारे 70 किलोमीटर असा त्याचा दर. पण म्हणून काही बेळगाव ते कोल्हापूर हे अंतर वाढत नाही, एस.टी.चे भाडे वाढते ते दुसऱ्या कारणाने. विद्युतबलाने जखडलेले अणू, गुरुत्वाने धरून ठेवलेली पृथ्वी, सूर्यमाला, इतकेच काय, अख्खी आकाशगंगासुद्धा या प्रसरणात सामील नसते. उलट बाजूनेही तेच. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क असतात हे ठाऊक नसताना रसायनशास्त्र दीडशेहून जास्त वर्षे बिनघोर चालले, आणि क्वार्क सापडल्यावर मिठाची चव काही बदलली नाही. फिलिप अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाने 1972 साली एक छोटासा लेख लिहून हा मुद्दा पक्का केला: संख्या वाढली की नुसती गर्दी होत नाही, नवे गुणधर्म आणि नवे नियम उगवतात. खालच्या पातळीच्या नियमांशी ते भांडत नाहीत, पण तिथून ते आपोआप हातातही येत नाहीत. त्या पातळीवर उतरूनच शोधावे लागतात.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एखाद्या फाउंड्रीत तासभर उभे राहिले की हे डोळ्यांनी दिसते. तिथे जे बीड, म्हणजे ओतकामाचे लोखंड, वितळते त्यातल्या लोखंडाची कथा खरोखर सांगण्यासारखी आहे. सूर्याच्या आठ-दहा पट किंवा त्याहून जड ताऱ्याच्या पोटात हलकी मूलद्रव्ये जुळत जुळत लोखंडाच्या गटापर्यंत येतात आणि तिथे गाडी थांबते. पुढच्या जुळणीतून ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. आधार गेलेला गाभा कोसळतो, तारा फुटतो. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या, ताऱ्यांच्या स्फोटांतूनही पुष्कळ लोखंड बाहेर पडते. तेच पुढे पृथ्वीत येते, पंपाच्या केसिंगमध्ये येते, आपल्या रक्तात येते.

आता भट्टीजवळचा माणूस काय करतो ते बघा. चौदाशे अंशांच्या आसपासचा रस मोल्डमध्ये ओतायच्या आधी त्यातला थोडा तो पाचरीच्या आकाराच्या लहानशा साच्यात घेतो. थिजला की पाण्यात बुडवून गार करतो, हातोड्याने मोडतो आणि मोडलेले तोंड उजेडाकडे धरतो. टोकापासून पांढरा पट्टा किती आत गेला आहे, हे बघायचे असते. पट्टा खोल असेल तर कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात सुटा न होता लोखंडाशी संयुग करून बसला, असे समजायचे. असे बीड कडक आणि ठिसूळ; लेथवर चढवले की टूल बोथट होते. मग कार्बन सुटा व्हावा म्हणून फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू, किती टाकायचा ते ठरते. सगळा खेळ तीन-साडेतीन टक्के कार्बनचा आणि दोनेक टक्के सिलिकॉनचा. अशाच एका फोरमनला मी मोठ्या उत्साहाने ताऱ्यांतल्या लोखंडाची गोष्ट सांगू लागलो, तर तो पाचरीवरची नजर न काढता म्हणाला, ‘‘ताऱ्यात काय शिजूलंय ते ऱ्हाऊ दे सर, हितं सिलिकॉन कमी पडलंय.’’ त्याला ताऱ्यांचे वावडे नव्हते. काम उरकल्यावर चहा पिताना त्याने खोदून खोदून विचारले. पण कास्टिंगचा प्रश्न कास्टिंगच्याच पातळीवर सुटतो, हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते.

सभागृहातल्या वक्त्याला मात्र ते शिकवावे लागते. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात कन्नडमधला उतारा पडतो आणि स्वतःच्या जमिनीचा कागद तो दुसऱ्याकडून वाचून घेतो. जत किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड म्हाताऱ्याची मराठी कागदापुढे हीच गत होते. या दोघांना ‘अहो, आपण सगळे ताऱ्यांची धूळ’ असे सांगणे असभ्यपणाचे आहे, आणि शास्त्र म्हणूनही त्याला अर्थ नाही. धूळ आहोत, कबूल. उताऱ्यात नाव कुणाचे लागले आहे?

काहींना आकाशापेक्षा जमिनीचा दाखला जास्त आवडतो. दख्खनचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला आणि त्याची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगावच्या परिसरात येऊन संपते. पूर्वेला गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो त्याहून कितीतरी जुन्या, कलादगी थरांतल्या वालुकाश्माचा. मग वक्ता म्हणतो, या दगडांना कुठे ठाऊक आहे महाराष्ट्र कुठे संपतो ते! खरे आहे. दगडाला रेशनकार्डही ठाऊक नाही. तरीही ते हरवले की आपण तहसीलदार कचेरीतच जातो, भूगर्भशास्त्र विभागात जात नाही.

आणि जे उत्साहाने भांडतात तेही हीच चूक दुसऱ्या टोकाने करतात. त्यांचे माप काळाचे. हलशीचे कदंब, सौंदत्तीचे रट्ट, किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती, देवगिरीचे यादव. ज्याला जेवढे मागे गेल्यावर आपला माणूस भेटतो तेवढे तो मागे जातो आणि तिथेच घड्याळ थांबवतो. शिलालेखाचे मोल मी कमी लेखत नाही, तो जपलाच पाहिजे. पण आठशे वर्षांपूर्वी दानपत्र कोणत्या भाषेत कोरले गेले यावरून आज वडगावातल्या विणकराच्या मुलीने कोणत्या माध्यमात शिकावे हे ठरत नाही. मधल्या आठ शतकांत माणसे आली, गेली, मिसळली, घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलू लागली. पदार्थविज्ञानातसुद्धा पुष्कळ व्यवस्था आपली सुरुवात विसरतात. आजच्या स्थितीवरून त्या कुठून निघाल्या हे सांगता येत नाही, आणि कुठून निघाल्या यावरून आज कुठे असाव्यात हेही.

वैज्ञानिकाने माणसांच्या प्रश्नात पडायचे तर कसे, याचा चांगला नमुना आपल्या शेजारचाच आहे. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, वाढले बनारसला. विश्वाची उत्पत्ती हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. फलज्योतिषावर बोलताना ‘ग्रह इतके दूर आहेत, त्यांचा काय परिणाम होणार’ असे म्हणून त्यांना हात झटकता आले असते. बहुतेक जण तेच करतात, आणि ऐकणाऱ्याला ते पटत नाही, कारण त्याचा अनुभव ‘आमच्या शास्त्रीबुवांचे खरे ठरते’ असा असतो. नारळीकरांनी सहकाऱ्यांबरोबर चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, पत्रिका मांडल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवून विचारले, यातली कोणती कोणाची ते ओळखा. 27 ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण 46 टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. या सगळ्यात आकाशगंगेचा शब्द नाही. दावा माणसाच्या आयुष्याबद्दल होता, म्हणून तपासणी माणसाच्या आयुष्यात उतरून केली.

यात धोका असतो, हे बेळगावकराला सांगायला नको. उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला धारवाड, मध्ये आपण. नरेंद्र दाभोलकरांचा 2013 साली पुण्यात, गोविंद पानसरे यांचा 2015 साली कोल्हापुरात आणि त्याच वर्षी एम. एम. कलबुर्गी यांचा धारवाडला त्यांच्या घरी खून झाला. तिघांची क्षेत्रे वेगळी: एक अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे डॉक्टर, एक कामगारांचे पुढारी, एक कन्नड वचनसाहित्याचे आणि शिलालेखांचे अभ्यासक. त्यांच्यापैकी कुणालाही दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहांच्या, अंतरावर बोलल्याबद्दल गोळी लागली नाही. दीर्घिकांवर कितीही बोला, कुणाचे काही बिघडत नाही. म्हणून तर तो विषय समारंभाला इतका सोयीचा.

मला सर्वांत जवळचा वाटणारा भौतिकशास्त्रज्ञ मात्र नारळीकरांच्याही आधीचा, लुईस फ्राय रिचर्डसन. आपल्याकडे त्याचे नाव फारसे घेतले जात नाही आणि सीमाभागात तर ते घरोघरी असायला हवे होते. हा इंग्रज क्वेकर पंथाचा, म्हणजे युद्धाला तत्त्वतः विरोध असलेला. पहिल्या महायुद्धात त्याने बंदूक धरली नाही. फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना नेणारी रुग्णवाहिका चालवली. कामातून सवड मिळेल तेव्हा हवामानाचा अंदाज नुसत्या गणिताने काढता येतो का, ते तो हाताने आकडेमोड करून बघत होता. 20 मे 1910 या एका दिवसाच्या जुन्या नोंदी त्याने घेतल्या आणि सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल ते काढले. उत्तर आले 145 मिलिबार. प्रत्यक्षात दाब जवळपास जागचा हललाच नव्हता. लढाईच्या धामधुमीत हे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. दुसरा कुणी असता तर ते तिथेच राहू देता. याने 1922 साली पुस्तक छापले, त्यात तो साफ फसलेला अंदाज जसाच्या तसा दिला आणि कुठे बिनसले असावे याची चर्चा केली. आज मोबाइलवर ‘खानापूर, उद्या मुसळधार’ असे जे दिसते ते त्याच पद्धतीच्या वंशातले आहे.

इंग्लंडचे हवामान खाते हवाईदलाच्या मंत्रालयाकडे गेले तेव्हा रिचर्डसनने तिथली नोकरी सोडली आणि पुढे युद्धांच्याच अभ्यासाला हात घातला. 1820 पासूनच्या सव्वाशे-दीडशे वर्षांतल्या प्राणघातक भांडणांची त्याने यादी केली. एका माणसाच्या खुनापासून महायुद्धापर्यंत सगळी एकाच मोजपट्टीवर बसवली, मेलेल्यांच्या संख्येच्या लॉगॅरिदमने, म्हणजे ती संख्या दहाचा कितवा घात आहे त्यावरून. खून शून्यावर, महायुद्ध सातच्या आसपास. मग त्याने विचारले, कोणत्या गोष्टीमुळे भांडणे वाढतात? एक भाषा असली म्हणजे शांतता नांदते, या लाडक्या समजुतीला त्याच्या आकड्यांतून आधार मिळाला नाही. शेजार, म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या हद्दी किती, याचा संबंध मात्र दिसला.

हद्दीचा प्रश्न आला म्हणून त्याने हद्दींची लांबी शोधायला घेतली आणि तिथे त्याला जे सापडले ते खरे आपल्या कामाचे. स्पेन आणि पोर्तुगाल यांची हद्द एका ठिकाणी 987 किलोमीटर दिलेली, दुसऱ्या ठिकाणी 1214. हॉलंड-बेल्जियमची एकीकडे 380, दुसरीकडे 449. कुणी खोटे बोलत नव्हते. ज्याची मोजपट्टी आखूड, त्याला जास्त वळणे सापडतात आणि लांबी जास्त भरते. पट्टी सांगितल्याशिवाय हद्दीच्या लांबीला अर्थच नाही. हे टिपण त्याच्या मृत्यूनंतर 1961 साली छापले गेले, आणि 1967 साली बेन्वा मँडेलब्रॉटने त्यावर तो प्रसिद्ध लेख लिहिला ज्यातून पुढे फ्रॅक्टल भूमितीचा, म्हणजे कितीही जवळून बघितले तरी वळणे न संपणाऱ्या आकारांच्या भूमितीचा, विस्तार झाला. त्याच 1967 साली सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच (आजच्या कर्नाटकात) राहावे असा अहवाल दिला. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

कारण सीमाप्रश्नाचा गाभाही मोजपट्टीचाच आहे. 1956 ची राज्य पुनर्रचना करताना मुख्यतः जिल्हा हे एकक धरले गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात गेला, बाकी जिल्हा म्हैसूरला. महाराष्ट्राचे म्हणणे पहिल्यापासून असे की खेडे हे एकक धरा. जिल्हा धरला तर एक उत्तर येते, तालुका धरला तर दुसरे, खेडे धरले तर तिसरे. आणि घर धरले तर निपाणीत अशी कितीतरी घरे दाखवता येतील जिथे उत्तरच येत नाही, कारण आई एका भाषेत रागावते आणि आजी दुसऱ्या. सरासरीचे हे असेच असते. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला पावसाळ्यात घराबाहेर पडणे मुश्कील आणि अथणीकडे ढगाकडे डोळे लावून बसायचे. दोन्ही एकाच जिल्ह्यात. जिल्ह्याची पावसाची सरासरी म्हणून जो आकडा छापतात तेवढा पाऊस दोन्ही ठिकाणी कधी पडत नाही.

योग्य एकक कोणते, हे पदार्थविज्ञान सांगू शकत नाही. ते सांगते असा आव कुणी आणला तर त्याच्यापासून सावध राहावे. पण दोन गोष्टी ते ठणकावून मागू शकते. मोजायच्या आधी एकक जाहीर करा, आणि उत्तर आवडले नाही म्हणून मध्येच बदलू नका. जो पक्ष बेळगावसाठी खेडे हे एकक मागतो त्याने अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूरलाही तेच एकक लावायची तयारी ठेवावी. आणि जो एका ठिकाणी जिल्ह्याआड लपतो त्याने दुसऱ्या ठिकाणी गावांच्या याद्या फडकवू नयेत. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तिथे काय व्हायचे ते होईल. मोजणीतला हा प्रामाणिकपणा न्यायालयाची वाट न बघताही पाळता येतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. विश्वाचा पसारा ऐकून माणसाचा पारा उतरतो, दगड उचलणारा हात क्षणभर थांबतो; मग त्यात वाईट काय? पारा उतरत असेल तर चांगलेच आहे. अमावास्येला जांबोटीच्या बाजूला गेलात आणि ढग नसले तर आकाशगंगेचा पट्टा आजही नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो बघून गप्प झालेली माणसे मी बघितली आहेत आणि तो गप्पपणा खरा असतो. पण कुठल्याही वादात ‘सगळेच क्षुल्लक’ असे म्हटले की जे आहे ते तसेच राहते. ज्याच्या हातात कारभार आहे त्याचे काही अडत नाही. ज्याचा अर्ज पडून आहे त्याचेच अडते. तटस्थ दिसणारे हे वाक्य त्यामुळे तटस्थ नसते. बेळगावातल्या मराठी माणसाला ते ऐकवणाऱ्याने बेंगळूरच्या सचिवालयातही एकदा ऐकवून बघावे, आणि मुंबईतल्या मंत्रालयातही.

विश्वशास्त्राकडून काही घ्यायचेच असेल तर मी दुसरे काही घेईन. मोठ्या प्रमाणावर बघितले तर विश्वाला मध्य नाही आणि कड नाही. कुठूनही बघा, दृश्य सारखेच. यावरून लोक ‘तुम्ही मध्यावर नाही’ एवढेच सांगतात. पण त्याचा दुसरा अर्धा भाग असा की दुसरे कुणीही मध्यावर नाही. बेळगावपासून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि बेंगळूरही तेवढेच. ‘सीमाभाग’ हा शब्द त्या दोन शहरांतून बघितल्यावर सुचतो. इथे राहणाऱ्याला आपले गाव कडेला आहे असे वाटत नाही, त्याच्या दृष्टीने ती दोन शहरेच लांब आहेत. (मीच आता विश्वाचा दाखला देऊ लागलो. वक्त्यांना पाच मिनिटे, मला एक परिच्छेद.)

तेव्हा 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, व्याख्यान ठेवाच. रामन परिणाम सांगा, तारे दाखवा. फक्त शेवटच्या पाच मिनिटांत धुळीच्या कणाऐवजी मुलांच्या हातात मोजायचे काम द्या. संविधानाचे 350-क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगते. शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुले असली तर तशी सोय करायची, हे सूत्र त्याच्याही आधीपासून, 1949 पासून कागदावर आहे. 1956 च्या केंद्राच्या निवेदनात असे आहे की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. अकरावीच्या मुलांना हे सहज तपासता येईल. तालुका कचेरीतले, महापालिकेतले, सरकारी दवाखान्यातले फलक आणि अर्ज कोणकोणत्या भाषांत आहेत याची नोंद करायची, जनगणनेतले मातृभाषेचे आकडे शेजारच्या रकान्यात मांडायचे, आणि आपली नोंद कितपत चुकू शकते तेही लिहायचे. एका गटात मराठी, कन्नड आणि उर्दू शाळांची मुले एकत्र ठेवा, म्हणजे एकाला न दिसलेला फलक दुसऱ्याला दिसेल. सीमेपलीकडे जत आणि अक्कलकोटच्या शाळांनीही हेच करावे आणि वह्या अदलाबदल कराव्यात.

पहिल्याच दिवशी मुलांची जुंपेल हे मी आताच सांगतो. पंधरा टक्के कशाचे धरायचे, तालुक्याचे, शहराचे की वॉर्डाचे? बेळगाव महापालिकेत 58 वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाचे चित्र निराळे. 1956 च्या निवेदनात जिल्हा किंवा त्याहून लहान भाग, म्हणजे नगरपालिका, तालुका असे म्हटले आहे. वॉर्डाबद्दल स्पष्ट काही नाही. मग एक मुलगा म्हणेल लहान भाग म्हणजे वॉर्डही, आणि दुसरी म्हणेल मग गल्ली का नको. शिक्षकाने मध्ये पडू नये. दोन्ही पद्धतींनी तक्ते करायला सांगावे आणि प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर एकक मोठ्या अक्षरात लिहायला लावावे.